लेखणीवाल्यांचे पुढारपण

पत्रकाराला लिहिता यावे, हे उघडच आहे. पण चार पत्रकारांचे पुढारपण करावयाचे तर त्याला आणखी काय यावे? पत्रकार-संघांच्या शिबिरांतून आज नेतृत्वाचे शिक्षण दिले जाते. त्यातला पहिला धडा ठाण्याच्या वाचकाने दूर शोधावयास नको. तो त्याच्या अंगणातच घडला आहे.

ठाण्यास आगगाडी आली १८५३ साली, आणि १८६६ मध्ये काशिनाथ विष्णु फडके यांनी तेथे ‘अरुणोदय’ पत्र सुरू केले. १९०८ साली टिळकांना शिक्षा झाली, त्याच वर्षी ‘अरुणोदय’च्या संपादकालाही राजद्रोहाबद्दल तुरुंगात जावे लागले. मराठी पत्रकार परिषद स्थापन होण्यास तेव्हा तीस-एक वर्षांचा अवकाश होता.

ठाण्याच्याच ‘हिंदुपंचा’ची गोष्ट मात्र निराळी. थट्टामस्करी हा त्याचा बाणा. त्या भरात त्याने गोपाळ कृष्ण गोखल्यांवर भलतेच आरोप केले. गोखल्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९०९ मध्ये जिंकला. गाव एक, कोर्टाची पायरी दोघांच्याही नशिबी. पण एकाच्या पाठीशी संघाने उभे राहावे आणि दुसऱ्याचा कान धरावा. हा विवेक ज्याला नाही, त्याने पुढारी होऊ नये.

दुसरा धडा दिल्लीचा. न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखालील वृत्तपत्र आयोगाचा अहवाल १९५४ मध्ये आला. पुढच्याच वर्षी श्रमिक पत्रकारांसाठी कायदा झाला आणि मागाहून वेतनमंडळाने पगार ठरविले. पत्रकारांच्या घरी आनंद झाला असेल. पण तो टिकला नाही. पगार देण्याची वृत्तपत्रांची ऐपत मंडळाने विचारात घेतली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये तो निर्णय रद्द केला. कायदा राहिला, पगार गेला! त्याच वर्षी नवा कायदा करून समिती नेमावी लागली.

म्हणून घोषणा देता येणे पुरेसे नाही. मालकाचा ताळेबंद वाचता यावा, कायद्याचे कलम समजावे, सभा शांतपणे चालविता यावी आणि संघाच्या पैशाचा हिशेब पैन् पैचा देता यावा. रात्रपाळी आटोपून शेवटच्या लोकलने डोंबिवली-कल्याणास उतरणाऱ्या उपसंपादकाला पुढाऱ्याचे वक्तृत्व ऐकावयास सवड नसते. त्याच्या घरचा दिवाळीचा फराळ मात्र त्या पुढाऱ्याच्या हिशेबीपणावर पुष्कळसा अवलंबून असतो.