शनवार तेल्यांची नातवंडे आणि रेल्वेची केबिन



आपल्या समाजातील जुन्या माणसांच्या नोकऱ्या विचारल्या की उत्तरे ठरलेली असतात : पलटण, पोलीस, पोस्ट, गोदी, गिरणी, इस्पितळ आणि रेल्वे. पलटणीतल्या सुभेदारांबद्दल पुष्कळ लिहिले गेले. रेल्वेच्या सिग्नल-केबिनमध्ये रात्रंदिवस पाळ्या करणाऱ्यांबद्दल मात्र फारसे माझ्या वाचनात आलेले नाही. म्हणून हा लेख.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. अंतर २१ मैल, कंपनी जी. आय. पी. त्याआधीच आपले बरेच लोक कोकणातली गावे आणि तेलाचे घाणे सोडून मुंबईला आले होते. १७९६ साली सॅम्युअल दिवेकर यांनी बांधलेल्या ‘शआर हारहमीम’ सिनेगॉगला आपले लोक मशीदच म्हणत, आणि मस्जिद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे मानतात. १८७५ साली हाईम सॅम्युअल केहीमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्राएलाइट स्कूल सुरू केले. मराठी आणि हिब्रूबरोबर इंग्रजी शिकलेल्या मुलांना सरकारी आणि रेल्वेच्या नोकऱ्यांची दारे उघडली. कोणी कारकून झाला, कोणी गार्ड, कोणी स्टेशनमास्तर, कोणी केबिनमन.

केबिन म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. रुळांच्या कडेला दुमजली लहान इमारत. वरच्या मजल्यावर तिन्ही बाजूंना काचा आणि मध्ये उभ्या लोखंडी लिव्हरांची रांग. लाल लिव्हर थांबण्याच्या सिग्नलचा, काळा सांध्याचा, निळा कुलपाचा, आणि पांढरा म्हणजे रिकामा. खालच्या मजल्यावर या लिव्हरांना एकमेकांत अडकवणाऱ्या पट्ट्या असत. सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नल देता येत नसे, आणि सिग्नल दिलेला असताना सांधा हलत नसे. माणसाचा हात चुकला तरी यंत्र त्याला अडवत असे.

सिग्नलपर्यंत लांबच लांब तार जाई. तार ओढली की खांबावरचा आडवा हात खाली झुके, आणि गाडीला वाट मिळे. म्हणूनच आपण ‘सिग्नल पडला’ म्हणतो. आता रंगीत दिवे आले, पडण्यासारखे काही उरले नाही, तरी मराठीत सिग्नल पडतोच. तार तुटली तर हात आपोआप आडवा होई, म्हणजे गाडी थांबे. काही बिघडले तर गाडी थांबली पाहिजे, या तत्त्वावर सगळी रचना उभी होती.

माझे एक मामा कल्याणच्या पलीकडे लहानशा स्टेशनावर लिव्हरमन होते. सुटीत डबा घेऊन मी जात असे. बाहेरच्यांना आत मनाई होती, म्हणून मला जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे करत. मामा हातात फडके धरूनच लिव्हर ओढत, कारण घामाने मुठी गंजतात. शेजारच्या स्टेशनाची घंटा वाजे, ते घंटेनेच उत्तर देत आणि वहीत वेळ मांडली जाई. गाडी गेली तरी ते खिडकीतून हटत नसत. शेवटच्या डब्यामागचा दिवा दिसला, म्हणजे गाडी पुरी आली. तो दिसेपर्यंत मागच्या गाडीला वाट द्यायची नाही. एकदा मी काहीतरी विचारले, तर म्हणाले, “थांब गो बाय, आधी शेपूट बघू दे.”

आता मूळ मुद्दा. कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत, कारण शनवारी आपला घाणा बंद असे. घाणा आपला होता, म्हणून बंद ठेवता येई. केबिन कंपनीची होती. तिथे शनवारीही गाड्या, आणि आठ तासांची पाळी नेमून दिलेली. दारफाळणीच्या सणाला घराची दारे लागत, पण केबिनचे दार उघडेच. मामा दिवाळीत, नाताळात आणि ईदला सोबत्यांच्या पाळ्या करत. त्या बदल्यात किप्पूरची रजा पदरात पडे. दर शब्बाथला मात्र हे जमत नसे. ज्या शनवारी पाळी असे, त्या आदल्या संध्याकाळी मामी दिवा लावी, आणि मामा ‘शेमा’ म्हणून झोपी जात, पहाटे उठायचे म्हणून. याचे त्यांना दुःख होते. पण या पगारावर चार मुले शिकली, हेही ते सांगत. आपल्या पूर्वजांनी शब्बाथ सोडला असे कोणी म्हटले, की मला ही पाळ्यांची अदलाबदल आठवते. सोडणाऱ्याने एवढा हिशेब ठेवला नसता.

पुढे मामा इस्राएलला आले आणि लोदला राहिले. लोद हे जुने जंक्शन. १८९२ साली सुरू झालेला याफो-यरुशलायीम मार्ग तिथूनच जात असे. तरी त्यांना रेल्वेत काम मिळाले नाही. प्रार्थनेची हिब्रू वाचता येई, बोलता येत नव्हती. कारखान्यात लागले. पण शुक्रवारी संध्याकाळी गाड्या थांबल्या की ते गच्चीवर उभे राहत आणि म्हणत, “इथे सिग्नललाही शब्बाथ आहे.” त्या वाक्यात समाधान किती आणि हळहळ किती, हे मला कधी नीट कळले नाही.

मुंबईत व्ही. टी. ते भायखळा १९२८ सालीच आपोआप बदलणारे रंगीत दिवे लागले. नंतर लिव्हरांच्या केबिनी एकेक करून गेल्या. त्या आता परत येणार नाहीत. पण कोणाचे आजोबा कुठल्या स्टेशनावर, कुठल्या हुद्द्यावर होते, हे अजून आपल्या काही घरांत सांगता येते. ज्यांना आठवते त्यांनी मराठीत वा हिब्रूत चार ओळी लिहून ठेवाव्यात. जुना पास असेल, बिल्ला असेल, गणवेशातला फोटो असेल, तर त्यामागे नाव आणि साल घालावे. आपल्यानंतर ही नावे सांगणारे कोणी राहणार नाही.