२५ सप्टेंबर : अरुण कोलटकर यांचा स्मृतिदिन

सोमवती अमावस्येला जेजुरीच्या खंडोबाची पालखी ज्या कऱ्हेवर स्नानाला जाते, तीच कऱ्हा पुढे कवी मोरोपंतांच्या बारामतीत येते. ती जेजुरी जगभरच्या कवितावाचकांपर्यंत नेली कोल्हापुरात जन्मलेल्या अरुण कोलटकरांनी. २००४ साली आजच्याच दिवशी पुण्यात त्यांचे निधन झाले.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेल्या कोलटकरांनी पोटापाण्यासाठी जाहिरातींचे कलादिग्दर्शन केले. त्यातही नाव काढले. पण कविता लिहितानाही डोळा चित्रकाराचाच. 'जेजुरी' या त्यांच्या कवितासंग्रहात देवाइतकेच लक्ष मोडक्या दाराकडे आणि नळाच्या पाइपाकडे. एका कवितेत तर शेतात उड्या मारणाऱ्या कोंबड्या दाखवायला त्यांनी अक्षरेच पानभर वरखाली उधळली आहेत! हा भक्त की नास्तिक, हा वाद समीक्षकांनी खुशाल घालावा. जेजुरी इतकी बारकाईने फार थोड्यांनी पाहिली.

१९७६ साली पुस्तकरूपात आलेल्या या इंग्रजी संग्रहाला पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. मराठीतल्या 'भिजकी वही'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो २००५ मध्ये, मरणोत्तर.