अनाशी धाकाचा सण

कोकणातले बेने इस्राएल घाणा शनिवारी बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. हिब्रू भाषा ते विसरले होते, ग्रंथ हाती उरला नव्हता; मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिरही १७९६ चे. मग सण टिकले कसे? मला वाटते, आयांच्या तयारीवर! नावेच पाहा ना. प्रायश्चित्ताच्या उपासाला दारे लावून घरात बसायचे, म्हणून तो 'दर्फाळणीचा सण'. आणि मिसर देशातून सुटल्याचा वल्हांडण, तो 'अनाशी धाकाचा सण'. अनास म्हणजे आंबट कालवणाचे मडके. ते आठ दिवस झाकायचे. खमीर वर्ज्य, हे कारण विस्मरणात गेले. झाकण तेवढे राहिले! "का झाकलंस गं आई?" असे एखाद्या पोराने विचारलेच, तर "आपल्यात असंच करतात" यापलीकडे ती माउली काय सांगणार?

गंमत अशी की, त्या रात्री घरातल्या धाकट्याने 'आजची रात्र वेगळी का?' असे विचारावे, हाच मूळ विधी. त्याचे उत्तर देणारी पोथी, हग्गादा, मराठीत छापली गेली १८४६ साली, मुंबईस. १८७४ च्या पुण्याच्या प्रतीत तर चित्रेही आहेत: लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करीत बसल्या आहेत.