शाफ्ट ड्राइव्हमध्ये पाणी शिरले आहे का?

साखळीवर चालणारी मोटरसायकल मालकाकडून सतत सेवा करून घेते. कधी तेल, कधी सफाई, कधी ताण. शाफ्ट ड्राइव्हच्या मोटरसायकलला हा जाच नसतो. गिअरबॉक्समधून निघणारा पोलादी दांडा बंद नळीतून मागे जातो आणि फायनल ड्राइव्हच्या पेटीतील दातेरी चाकांमार्फत मागचे चाक फिरवतो. बीएमडब्ल्यूने १९२३ मध्ये ‘आर ३२’ या आपल्या पहिल्या मोटरसायकलवर ही रचना वापरली आणि बॉक्सर इंजिनाच्या गाड्यांवर ती आजतागायत कायम ठेवली आहे. होंडाची गोल्ड विंग, ट्रायम्फची टायगर १२०० आणि मोटो गुझीच्या मोटरसायकलीही शाफ्टवरच चालतात. अशा गाड्या आता आपल्याकडच्या रस्त्यांवरही दिसतात. मात्र दृष्टीआड सृष्टी या न्यायाने शाफ्टमधील बिघाडही नजरेआडच वाढतो, आणि त्यातला सर्वांत कपटी बिघाड पाण्याचा.

पाणी आत शिरते ते बहुधा गाडीच्याच श्वासोच्छ्वासाने. धावताना फायनल ड्राइव्ह तापतो, आतली हवा प्रसरण पावते आणि श्वासछिद्रातून बाहेर पडते. अशी तापलेली पेटी थंड पाण्यात बुडाली की आतली हवा एकदम आकसते व बाहेरचे पाणी छिद्रातून किंवा जीर्ण सीलच्या कडेने ओढून घेते. स्पिती-लडाखच्या वाटेवरचे ओढे यासाठी प्रसिद्ध आहेतच. पण तुंबलेल्या शहरी रस्त्यावरून गुडघाभर पाण्यात काढलेली गाडीही त्याच संकटात असते. गॅरेजमध्ये सीलवर जवळून मारलेला जोरदार फवाराही तेच काम करतो. शिवाय फक्त दोन-तीन किलोमीटर चालून थांबणाऱ्या गाडीत आतल्या दमट हवेचेच पाणी होते.

तपासणीपूर्वी आपल्या गाडीचा शाफ्ट ‘ओला’ आहे की ‘कोरडा’, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. बीएमडब्ल्यूच्या हवेवर थंड होणाऱ्या जुन्या बॉक्सर गाड्यांत दांडा तेलात फिरतो आणि त्या नळीला तेल काढण्याचा स्वतंत्र प्लग असतो. १९८७ मध्ये आलेल्या पॅरालिव्हर रचनेत मात्र दांडा कोरड्या नळीत, रबरी बुटाच्या आडोशाला असतो. तेल फक्त मागच्या पेटीत. हा भेद लक्षात न घेता पेटीतले तेल स्वच्छ दिसते म्हणून निश्चिंत राहणारे बरेच आहेत.

तेल बदलताना ते गरम असतानाच काढावे, हा नियम सर्वांना पाठ असतो. निदानासाठी नेमके उलट करावे. गाडी रात्रभर मुख्य स्टँडवर उभी ठेवावी आणि सकाळी ती न हलवता, इंजिन सुरू न करता तेल काढावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने मोकळे पाणी तळाशी बसलेले असते. आधी तेल भरण्याचा प्लग सैल होतो याची खात्री करून घ्यावी, एरवी रिकामी झालेली पेटी भरायची कशी हा प्रश्न उभा राहतो. मग खालचा प्लग थोडाच ढिला करून पहिले थेंब पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्यावेत. पाणी असेल तर ते याच थेंबांत दिसेल.

तेल पीयूषासारखे दुधाळ, पिवळट निघाले तर पाणी घुसळले गेले आहे असा संशय घ्यावा. संशयच, कारण तेलात हवा कालवली गेली तरी ते दुधाळ दिसते. बाटली तासभर स्थिर ठेवावी. हवेचा फेस बहुधा विरतो व तेल निवळते. पाण्याचा दुधाळपणा टिकतो किंवा दिवसभरात तळाशी वेगळा थर दिसू लागतो.

तरीही शंका उरलीच तर तव्याची परीक्षा आहे. विजेच्या शेगडीवर चांगल्या तापलेल्या जुन्या तव्यावर नमुन्याचा एकच थेंब टाकावा. तेल शुद्ध असेल तर तो शांतपणे पसरतो; पाणी असेल तर तडतडतो. हजारात एक भाग पाणीही यात सापडते. हा प्रयोग उघड्या जागेत, डोळ्यांवर चष्मा लावून आणि ज्योतीपासून दूर करावा. स्वयंपाकघरात तर नकोच.

प्लगवर चुंबक असल्यास तोही बोलका असतो. त्यावरचा बारीक करडा लेप ही नेहमीची झीज होय. तांबूस छटा म्हणजे गंज, आणि बोटांना टोचणारे कण म्हणजे बेअरिंग वा दात तुटू लागल्याची खूण. तेलाची पातळी वाढलेली आढळली तर लगेच पाण्याला दोष देऊ नये. ओल्या शाफ्टच्या गाड्यांत गिअरबॉक्सचे सील गळून तिकडचे तेल नळीत उतरते, त्यानेही पातळी वाढते.

कोरड्या शाफ्टचे काम अवघड, कारण तिथे पाहायला तेलच नाही. रबरी बुटाच्या घड्या ताणून चीर आहे का पाहावे, मग त्याची पट्टी सोडून बूट सरकवावा. काही वेळा तिथून पाणीच ओघळते. युनिव्हर्सल जॉइंटभोवती लाल भुकटी असेल किंवा तो हाताने वाकवताना मध्येच अडकत असेल, तर त्याच्या सुई-बेअरिंगांमध्ये गंज शिरलेला आहे. असा जॉइंट धावत्या गाडीत तुटला तर चाकाची शक्ती जाते. अडकला तर मागचे चाकच जखडू शकते. अशा गाडीवर पुढचा घाट चढू नये, ती टेम्पोत घालून आणावी.

फायनल ड्राइव्हच्या मोठ्या बेअरिंगसाठी मागचे चाक वरून आणि खालून धरून आडवे हलवून पाहावे. माहितीपुस्तिकेतील मर्यादेपलीकडे चाक डुलत असेल, तर नुसत्या तेलबदलाने काही साधणार नाही.

आणि इथेच बहुतेक गॅरेजांत चूक होते. दुधाळ तेल फेकून नवे भरले की काम झाले असे समजले जाते. वास्तविक पाणी आले कुठून, याचा शोध लागेपर्यंत निदान अपुरेच असते. श्वासछिद्र चिखलाने बुजले आहे का, सीलची कड कडक झाली आहे का, बूट जागेवर बसला आहे का, हे क्रमाने पाहावे. दोष दूर करून पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल भरावे, गाडी तापेल इतकी चालवावी आणि ते तेलही काढून टाकावे. कोपऱ्यांत अडकलेले पाणी त्याबरोबर येते. त्यानंतर भरलेल्या तेलाचा नमुना काही दिवसांनी, पुन्हा रात्रीच्या विश्रांतीनंतर, घ्यावा आणि पहिल्या बाटलीशेजारी ठेवून ताडून पाहावा.