फुलदाणीच्या बुडावरचे नाव

हल्ली आपल्या दिवाणखान्यांत हाताने घडवलेल्या सिरॅमिकच्या फुलदाण्या दिसू लागल्या आहेत. कुठे त्रिकोण, कुठे चौकोन, कुठे मधोमध आरपार पोकळी. त्यांत फुले नसली तरी चालते. फुलदाणीच शिल्प असते. वडीलधाऱ्यांना हे परदेशी खूळ वाटते. आम्हां ग्वाल्हेरकरांना मात्र तसे म्हणता येणार नाही.

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास उज्जैनहून येथे राजधानी आणली आणि लष्कर वसले. त्याच्या तीनशे वर्षे आधीच किल्ल्यावर भट्टीत भाजलेली रंगीत माती झळकत होती. राजा मानसिंह तोमर (१४८६ ते १५१६) यांच्या मानमंदिराच्या भिंतींवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकाकीच्या फरशा आहेत. त्यांत हत्ती, हंस, केळी आहेत, तसेच भौमितिक पट्टेही आहेत. १५२८ मध्ये बाबराने हा महाल पाहिला आणि हिरव्या फरशांतल्या केळींची आठवणीने नोंद केली. राजाचे नाव राहिले. फरशा भाजणाऱ्याचे राहिले नाही.

पुढे १८७० च्या दशकात मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी भांडीकामाची कार्यशाळा उभारली. सिंधची कुंभारी धाटणी आणि अजिंठ्याची चित्रे यांच्या मेळातून तेथे सुंदर फुलदाण्या घडल्या. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या काळची भांडी आजही पाहायला मिळतात. पण ती ओळखली जातात कलाशाळेच्या नावाने.

आपल्या शहरात माधव महाराजांच्या काळातली ग्वाल्हेर पॉटरीज होती. तिथेही नाव कारखान्याचेच. आता तो कारखानाही बंद पडला.

हे चित्र बदलले ते स्वतःच्या भट्टीवर काम करणाऱ्या कलावंतांमुळे. पुण्याच्या निर्मला पटवर्धन शांतिनिकेतनात शिकल्या, जर्मनीत आणि इंग्लंडात बर्नार्ड लीच यांच्याकडे त्यांनी काम केले. चकाकीची कृती ही एरवी घराण्यात जपायची गोष्ट. त्यांनी ती पुस्तकात लिहून सर्वांना खुली केली. भोपाळच्या भारत भवनातही १९८२ पासून सिरॅमिकची कार्यशाळा आहे.

अशी फुलदाणी महाग का, हेही समजून घ्यावे. चाकावर गोल आकार सहज उठतो, कोपरा उठत नाही. मातीचे पत्रे लाटून, कापून, पातळ चिखलाने सांधावे लागतात. वाळताना आणि भाजताना माती दहा-बारा टक्के आकसते. एक बाजू लवकर वाळली की सांधा तडकतो. कोबाल्टचा निळा किंवा तांब्याचा हिरवा रंग कसा उतरला, ते भट्टी उघडल्यावरच कळते.

म्हणून आमची एवढीच विनंती: फुलदाणी घेताना ती उलटी करून बुडावरचे नाव वाचावे. माळ्यावरच्या जुन्या बरण्या, कपबश्याही भंगारात देण्यापूर्वी एकदा उलट्या करून पाहाव्यात. पाचशे वर्षे हे हात निनावी राहिले. आता नाव आहे, तर ते आपल्याला ठाऊक असावे.