नव्या कोंबडीची आरोग्यतपासणी

नव्या कोंबडीची आरोग्यतपासणी म्हणजे विकत, भेट किंवा अदलाबदलीत आलेली कोंबडी आधीच्या कोंबड्यांत मिसळण्यापूर्वी तिला वेगळे ठेवून केलेली पाहणी व त्यानुसार केलेले उपचार. परसातील कुक्कुटपालनात रोगाचा शिरकाव पुष्कळदा नव्या पक्ष्यामार्फत होतो. आठवडे बाजारात निरनिराळ्या गावांच्या कोंबड्या दाटीने एकत्र ठेवल्या जातात; त्यामुळे तेथून आणलेली कोंबडी वरकरणी धडधाकट असली तरी निर्धोक मानता येत नाही.

विलगीकरण

नवी कोंबडी सुमारे ३० दिवस स्वतंत्र खुराड्यात ठेवतात. तिची दाणापाण्याची भांडी वेगळी असतात आणि जुन्या कोंबड्यांचे काम आटोपल्यावरच तिच्याकडे जातात. मानमोडी (राणीखेत) रोगाची लक्षणे संसर्गानंतर साधारण २ ते १५ दिवसांनी दिसत असल्याने दोन-चार दिवसांचे विलगीकरण निरुपयोगी ठरते. मात्र संसर्गजन्य सर्दी किंवा मायकोप्लाझ्माच्या संसर्गातून बरी झालेली कोंबडी दीर्घकाळ जंतुवाहक राहू शकते. म्हणून काही पालक मुदतीनंतर जुनी एकच कोंबडी तिच्या सोबतीला ठेवून पाहतात. ती आजारी पडली, तर उरलेल्या कोंबड्या वाचतात.

तपासणी

प्रथम कोंबडीला न पकडता दुरून पाहतात. पिसे फुलवून, डोळे मिटून एका जागी बसणे, चोच उघडून श्वास घेणे, शेपटी खाली पाडणे ही आजाराची चिन्हे होत. नंतर छातीचे हाड हाताने चाचपतात. ते धारदार लागल्यास कोंबडी कृश आहे. फिकट तुरा रक्तक्षय सुचवतो, परंतु पिसे गाळणाऱ्या कोंबडीचा तुराही फिकटतो. गळ्यातील अन्नपिशवी पहाटे रिकामी असावी. ती कडक लागल्यास अन्न अडकलेले असते. उवांची पांढरी अंडी गुदद्वाराजवळील पिसांच्या मुळाशी पुंजक्याने आढळतात. लाल माइट मात्र दिवसा खुराड्याच्या फटींत दडून रात्री रक्त शोषतात. त्यामुळे दिवसा स्वच्छ वाटणाऱ्या कोंबडीचे खुराडे रात्री दिव्याच्या उजेडात तपासणे अधिक उपयुक्त ठरते.

उपचार

उवांवरील औषधाने त्यांची अंडी सहसा मरत नाहीत, म्हणून ७ ते १० दिवसांनी ते पुन्हा वापरावे लागते. पायांचे खवले उचललेले दिसल्यास पाय कोमट पाण्यात भिजवून पेट्रोलियम जेली लावतात. खवले ओरबाडल्यास रक्तस्राव होतो. विष्ठेतील रक्त हे रक्ती हगवणीचे लक्षण असू शकते. विष्ठेच्या तपासणीनंतर पशुवैद्य पाण्यातून अँप्रोलियम देण्याचा सल्ला देतात. औषधोपचार चालू असताना व त्यानंतर ठरावीक काळ अंडी खाऊ नयेत.

मानमोडीवर औषध नाही. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, तरीही ती सर्रास दिली जातात. लसीकरण हाच उपाय असून लस निरोगी पक्ष्यालाच टोचतात. मानमोडी व बर्ड फ्लू हे दोन्ही रोग २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अनुसूचित असल्याने संशयित मरतुकीची माहिती नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास देणे आवश्यक असते. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला होता.