सरनदीपचे राजपुत्र

सिंहलद्वीपाला अरब आणि इराणी लोक सरनदीप म्हणत, आणि त्या नावावरून घडलेले ‘सेरेंडिपिटस’ हे विशेषण आज इंग्रजीत कोणत्याही अनपेक्षित, सुखद लाभाला सर्रास लावले जाते. परंतु ज्या कथेच्या पोटी ते जन्मले तिच्यात दैवापेक्षा बुद्धीचाच अंमल मोठा होता, आणि त्याचे विस्मरण पडावे हे मला खेदकारक वाटते.

दिल्लीस अल्लाउद्दीन खिलजीच्या अमदानीत अमीर खुसरोने ही कथा आपल्या ‘हश्त बिहिश्त’ या फारसी काव्यात गुंफली. देशाटनास निघालेल्या तीन राजपुत्रांना उंट हरवलेला एक मनुष्य भेटतो, आणि ज्या जनावरावर त्यांची दृष्टीही पडलेली नाही ते एकाक्ष आहे, त्याचा एक दात पडला आहे व एक पाय लंगडा आहे, असे ते त्याला बिनचूक सांगतात. साहजिकच चोरीचा आळ त्यांच्यावर येऊन राजापुढे फिर्याद जाते. तेथील त्यांची जबानी हाच कथेचा गाभा होय: वाटेच्या एकाच बाजूचा पाला खाल्लेला, दातांच्या फटीतून गळालेला चोथा जागोजाग पडलेला, आणि तीन पावलांच्या ठशांशेजारी चौथे पाऊल फरफटत गेल्याची रेघ.

पुढे १५५७ मध्ये व्हेनिसच्या मिकेले त्रामेझ्झिनो या मुद्रकाने, फारसीतून उतरवल्याचे सांगून, राजपुत्रांचा हा प्रवास इटालियन भाषेत छापला. कधीकाळी वाचलेली ही गोष्ट स्मरून होरेस वॉल्पोल या इंग्रज ग्रंथकाराने, फ्लॉरेन्सच्या दरबारी वकील असलेला आपला स्नेही होरेस मॅन यास २८ जानेवारी १७५४ रोजी धाडलेल्या पत्रात, ‘सेरेंडिपिटी’ हे नाम प्रथम योजले. उंटाच्या जागी त्याला खेचर आठवले, हे किरकोळ. पण शोधत नसलेली वस्तू योगायोगाने आणि चातुर्याने गवसणे, असा दुहेरी अर्थ त्याने स्पष्ट नोंदला, आणि दाखला दिला तो तर जवळजवळ निव्वळ चातुर्याचा: लॉर्ड चॅन्सलर क्लॅरेंडनच्या घरी भोजनप्रसंगी आई आपल्याच मुलीशी ज्या अदबीने वागत होती तेवढ्यावरून लॉर्ड शाफ्ट्सबरीने त्या मुलीचा राजबंधूशी गुप्तपणे झालेला विवाह ताडला होता.

मॅनला लिहिलेली ही पत्रे १८३३ मध्ये छापली गेली. तरीही हा शब्द दीर्घकाळ मोजक्या ग्रंथप्रेमींपुरताच राहिला, आणि विशेषणरूप तर विसाव्या शतकातच रूढ झाले. हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९४५ मध्ये आपल्या ग्रंथाचे एक प्रकरणच या गुणाला वाहिले. त्याच सुमारास हा शब्द प्रयोगशाळांत रुळला. पण तेथून बाजारात येताना चातुर्याचा अंश वाटेत गळाला आणि नशीब तेवढे शिल्लक उरले. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगची कीर्तीही याच मापाने मोजली जाते. १९२८ च्या सप्टेंबरात त्याच्या काचपात्रावर बुरशी धरली हा योगायोग खराच. पण तिच्या भोवतालचे जंतू विरघळल्याचे पाहून तो थबकला, कारण जंतूंना विरघळवणारे लायसोझाइम हे द्रव्य त्याने स्वतःच काही वर्षांपूर्वी हुडकले होते.